‘भट्टी’च्या शेवटी वाजणारी खुर्ची

अगं ऐक तर आधी. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझी गाडी भलतीकडेच जाते. मनीच्या मामाचं सांगतेय. मनी माहितीये ना, आपली कानवाली? दिवसभर काचेच्या खोलीबाहेर बसून लोकांच्या कानात टूं टूं वाजवते आणि कुणाला किती ऐकू येतं ते तपासते, ती. तिला मनी हे नाव मामानंच पाडलं. लहानपणी दोन खोल्या पलीकडे कुणी बिस्किटाचा पुडा उघडला, तरी ही मांजरासारखी दारात हजर.

तर हा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. पोट सुटलंय, मागे बांधण्याइतके केस उरले नाहीत तरी बांधतो, आणि मेटलचा, म्हणजे त्या कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांचा, वेडा. साधासुधा नाही, ठार वेडा. हॉलो फर्नेस नावाच्या बँडची एक जुनी रेकॉर्ड आहे, कव्हरवर पेटलेली भट्टी, म्हणून ही मंडळी तिला नुसतं ‘भट्टी’ म्हणतात. पाच गाणी. वर्षातून एका रविवारी दुपारी मामाकडे सगळे जमतात आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकतात. नुसतं ऐकत नाहीत गं! प्रत्येक गाण्याला एक मालक आहे. गाणं संपलं की मालकानं बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप. दुसऱ्याच्या गाण्यावर बोललं की चहाची सगळी भांडी त्याच्याकडे. दाताचा डॉक्टर आहे ना त्यांच्यातला, त्यानं आजवर इतकी भांडी घासलीत की मामी म्हणते, याला दवाखान्यापेक्षा माझ्या मोरीत जास्त अनुभव आहे.

आता खुर्ची काय ते सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलंय. शेवटचं गाणं आहे, त्याला हे ‘राख’ म्हणतात. ते मामाचं. लांबलचक, दणदणीत, आणि मग हळूहळू एकेक वाद्य गळत जातं. शेवटी झांज उरते, तीही विरते. तुला वाटतं संपलं. तर नाही! ड्रमवाला जागेवरून उठतो आणि त्याच्या बुडाखालची खुर्ची करकरते. कुंईऽ. एवढंसंच. रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं असणार कुणाकडून तरी. पण या लोकांसाठी तो म्हणजे देवळाचा कळस. खुर्ची ऐकू आली तो आपला, नाही आली तो पाहुणा.

मनी लहान होती तेव्हा मामानं तिला दोन स्पीकरच्या मधोमध जमिनीवर झोपवलं, स्वतः शेजारी आडवा झाला आणि म्हणाला, “श्वास धर.” तिनं धरला. आणि तिला आली खुर्ची. मामानं तिला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं, “हिला खुर्ची आली! हिला खुर्ची आली!” मामी स्वयंपाकघरातून हातातलं पातेलं टाकून धावली. तिला वाटलं, पोरीच्या अंगावर खुर्ची पडली.

हां, तर गेल्या महिन्यात काय झालं, मामा लिफ्टच्या वरच्या खोलीत होता आणि त्याचा जोडीदार खाली, लिफ्ट जिथून वरखाली जाते त्या बोगद्यात. खालून तो ओरडला, “थांब!” मामानं बटण दाबलं. जोडीदार चपळ म्हणून वाचला. त्याची हत्यारांची पेटी मात्र अशी सपाट झाली की पाकिटात ठेवावी. मामा म्हणे, “मोटरचा आवाज होता, कुणाला ऐकू येणार?” पण जोडीदाराच्या बायकोनं मामीला सांगितलं की मोटर सुरूच नव्हती.

मामीच्या तोंडचं पाणी पळालं. तशी ती दोन वर्षं त्याच्या मागे लागलीच होती. दाराची घंटा त्याला ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. “माझी हाक ऐकू येत नाही ते सोडा, ते तर लग्नापासूनचं आहे,” असं म्हणते. “मनीकडे जाऊन कान तपासून घ्या, घरचीच पोर आहे.” पण मामा ढिम्म हलेना. म्हणे, “एकदा कागदावर आलं ना, की मला बोगद्यातून काढतील आणि ऑफिसात फोन घ्यायला बसवतील. ज्याला ऐकू येत नाही त्याला फोनवर! एवढी त्यांची अक्कल. आणि कानात तो मशीनचा शेंगदाणा मी घालणार नाही. शिवाय मला खुर्ची ऐकू येते. अजून येते! मनीच्या मशीनला येते का विचार.”

मग मामीनं डाव टाकला. “ठीक आहे. येत्या रविवारी खुर्ची ऐकू आली तर मी कानाचं नाव काढणार नाही, जन्मात. नाही आली तर सोमवारी मुकाट मनीच्या क्लिनिकला.”

“मंजूर!” मामा म्हणाला. “पण निकाल कोण देणार?”

दोघांनी तिथंच बसलेल्या मनीकडे बघितलं.

“मी नाही हं,” मनी म्हणाली. “मला तुमच्या भांडणात सुपारीसारखं चेचू नका.”

“तूच,” मामी म्हणाली. मग तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “लाड करू नकोस त्याचे. ती पेटी मी बघून आलेय.”

आता सांग, ही परीक्षा मुळातच वेडगळ नाही का? मनीनं तसं सांगूनही बघितलं, की मामी, एका आवाजावरून कान कळत नाहीत. पण त्या घरात खुर्चीपुढे विज्ञानाचं काही चालत नाही. आणि मनीनं मनात म्हटलं, जाऊ दे, निदान एक वाट तरी क्लिनिककडे जातेय.

रविवार उजाडला आणि रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा तुटला. मामा सकाळपासून उघडून बसला होता, रबरबँड लावून बघितला, तर ‘भट्टी’ अशी वाजायला लागली जशी गायकाला भूल दिलीये. मामीनं दारातून टोमणा मारलाच. “माणसं भरलेली लिफ्ट दहाव्या मजल्यावर नेता, आणि ही थाळी जागच्या जागी फिरवता येईना.” शेवटी डॉक्टरनं आपला नवा कोरा स्पीकर आणला आणि फोनला जोडला. मामाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. “रेकॉर्ड ती रेकॉर्ड,” पुटपुटत राहिला. पण करतो काय?

मंडळी बसली. डॉक्टर सोफ्यावर. त्याच्या शेजारी बेकरीवाला, त्याला सगळे पाव म्हणतात, मनी पावकाका म्हणते. हाताला कायम पीठ, मिठी मारली की तुझ्या पाठीवर पांढरे पंजे. खिडकीपाशी लायब्ररीमावशी, जिनं आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, आणि जिच्याकडे या सगळ्यांत जास्त काळे टीशर्ट आहेत. मनी सतरंजीवर. मामा तिच्या समोर, वेताच्या खुर्चीत. मामी दाराला टेकून हाताची घडी घालून उभी, एखाद्या परीक्षकासारखी.

पहिलं गाणं ‘भोंगा’. कारखान्याचा भोंगा वाजतो आणि तो संपायच्या आत दोन्ही गिटार एकदम अंगावर येतात. संपल्यावर डॉक्टर उभा राहिला, घसा साफ केला. “मित्रहो. लोक म्हणतात, सुरुवात जोरात आहे. मी म्हणतो, जोरात नाही, मुळापासून आहे. पहिला फटका हिरडीत बसतो. गिटार आधी हलवून सैल करते, मग ड्रम धरतो, आणि मग गायक येतो तो खेचायलाच.”

“अरे, कुणाचा दात काढतोयस?” पाव म्हणाला.

“बोललास! भांडी!” सगळे एका सुरात ओरडले. डॉक्टरच्या चेहऱ्यावर असा आनंद, जणू पोरगं पहिलं आलं.

दुसरं ‘घोडा’. टबडक टबडक टबडक, सुरू झालं की थांबत नाही. ते पावकाकाचं. तो बसूनच बोलला आणि बोलताना हवेत पीठ मळत होता. “डावीकडची गिटार ऐका. किंचित मागे आहे. सगळ्यांना वाटतं, वादक कच्चा आहे. कच्चा नाही रे! तो रेटतोय. पीठ मळताना एक हात पुढं जातो आणि दुसरा मागून रेटतो, तसं. दोन्ही हात एकदम गेले तर पाव दगड होतो. पहाटे मी हेच गाणं लावतो. माझ्याकडच्या पोरांना बँडचं नाव माहीत नाही, पण मळतात सगळे याच तालावर.” मग आवाज हळवा करून म्हणाला, “मी गेलो ना, की हे लावा.”

“मग घोड्यावरूनच नेतील तुला,” मामा म्हणाला, आणि त्याच्याही वाट्याला भांडी आली.

तिसरं ‘तळघर’. हे हळू आहे, पण असं हळू की कपाट सरकवत आणतायत वाटतं. लायब्ररीमावशी नेहमीसारखी कुजबुजली, तरी खोली अशी चिडीचूप की टाचणी पडली तर कळावं. “इथं गायक ओरडत नाही. तिसऱ्या कडव्याआधी तो थांबतो. ओरडता कुणालाही येतं. माझ्याकडे रोज पोरं येतात ओरडायला. पण एवढा दणका चालू असताना गप्प उभं राहायचं, आणि लोकांनी त्या गप्प माणसाकडे बघायचं, हे जमलं पाहिजे.” एवढंच बोलून तिनं चहाचा घोट घेतला. पावकाकानं डोळे पुसले आणि गालावर पीठ लागलं.

चौथं मनीचं. ‘चिमटा’. सगळ्यात छोटं, शब्द नाहीत, नुसती वाद्यं. हे तिला मामानं तिच्या पहिल्या पगाराच्या दिवशी दिलं होतं, आधी त्याचंच होतं. ती म्हणाली, “वर दोन गिटार भांडतायत, नवरा-बायकोसारख्या. सगळे तिकडेच बघतात. पण खाली तो बासवाला आहे ना, तो बिचारा घर चालवतोय. भाजी आणतोय, दिवे लावतोय, दार पुसतोय. त्यानं दोन क्षण हात काढून घेतला तर दोघी उघड्यावर पडतील. आणि मधे एका जागी तो खरंच काढतो, आणि गिटार कशा घाबरून एकमेकींना बिलगतात बघा.”

मामाची छाती फुगली. मामी दारातून म्हणाली, “ऐकलंत? घर कोण चालवतं ते?” मामीला भांड्यांचा नियम लागू नाही, कारण भांडी तिचीच आहेत.

मग ‘राख’.

मनी मला म्हणाली, त्या गाण्याच्या दणक्यात मला एक सूर ऐकू आला नाही. तिच्या डोक्यात नुसतं खुर्ची, पेटी, खुर्ची, पेटी. गाणं उतरायला लागलं. गिटार गेल्या. बास गेला. झांज उरली, विरायला लागली. सगळे पुढे वाकले. मनीला ती जागा पाठ, अगदी आपल्या घराचा अंधारातला जिना पाठ असतो तशी. झांज संपली. आता.

काहीच नाही.

मनीनं दचकून वर बघितलं. आणि त्याच क्षणी मामाचं बोट वर! “आली!”

“आली आली!” डॉक्टर म्हणाला. “क्या बात है!”

“काय करकरली आज!” पाव म्हणाला. “नव्या स्पीकरवर तर अशी, जणू माझ्याच मांडीखाली!”

लायब्ररीमावशीनंही डोळे मिटून मान डोलावली.

अगं, सगळ्यांना आली आणि तिला नाही! जी रोज दुसऱ्यांचे कान तपासते तिला! मामा टाळ्या पिटत मामीकडे वळला, “बघ! बघ! दे निकाल, मने!”

“एक मिनिट,” मनी म्हणाली. “पाणी पिऊन येते.”

स्वयंपाकघरात जाऊन तिनं घाईघाईनं कानात इअरफोन कोंबले आणि ‘राख’चा शेवट लावला. नाही. पुन्हा लावला. नाही! क्षणभर तिला वाटलं, आता मलाच शेंगदाणा. मग तिचं लक्ष गेलं, तिनं डॉक्टरनं लावलेलंच लावलं होतं. ‘भट्टी’ची नवी आवृत्ती. स्वच्छ केलेली. जुना खरखराट काढलेली, धूळ काढलेली, धुऊन पुसून लखलखीत. तिनं फोनवरच्या यादीत खाली सरकून जुनी शोधली, तीही होती. शेवट लावला. झांज विरली आणि... कुंईऽ.

मनी ओट्याला धरून हसायला लागली. स्वच्छ करणाऱ्यांनी खुर्चीच पुसून टाकली होती! धुळीबरोबर तीही गेली!

आणि हसता हसता थांबली. कारण मग बाहेर त्या चौघांना काय ऐकू आलं?

तेवढ्यात मामी आत आली. दार लोटून घेतलं. “काय गं? खरंच आली का त्यांना?” तिच्या आवाजात टोमणा नव्हता, धार नव्हती, काही नव्हतं. “आली असेल तर मी गप्प बसेन हो. शब्द म्हणजे शब्द. पण मग रोज संध्याकाळी मी दाराकडे बघत बसायचं, एवढंच ना?”

मनी बाहेर आली, मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, “मला खुर्ची आली नाही.”

मग डॉक्टर खोटं हसला. “असं कसं, बाळा? चांगली दणदणीत...”

“डॉक्टरकाका, या आवृत्तीत खुर्ची नाहीच आहे. साफ करताना काढून टाकलीय.”

आता तुला वाटेल, हे शरमले असतील. छे! आधी भडकले! “काढली?” मामा ताडकन उभा. “कुणी काढली? कुणाला विचारून?” पाव म्हणाला, “उद्या पावातली भोकं काढतील आणि म्हणतील स्वच्छ केलं!” लायब्ररीमावशीनं तर असा एक शब्द वापरला की लायब्ररीत कुणी वापरला असता तर तिनं त्याला बाहेर काढलं असतं. बराच वेळ नुसता आरडाओरडा. आणि मग, एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला, आणि एकेक जण गप्प होत गेला. सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे बघायला लागले.

“मी आपलं... तुझ्या मामानं बोट वर केलं म्हणून,” डॉक्टर म्हणाला. “मला वाटलं, माझेच कान गेले. ड्रिलपाशी उभं राहून राहून.”

“मला दोन-तीन वर्षं येत नाहीये,” लायब्ररीमावशी कुजबुजली. “तुम्हाला सगळ्यांना यायची. म्हणून मान हलवायचे.”

पावकाका बराच वेळ हातावरचं पीठ खरवडत होता. मग म्हणाला, “मला कधीच आली नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे कधीच! पहिल्यापासून! मला माहीतच नाही कशी असते ती!”

“अरे, मग मघाशी मांडीखाली काय करकरलं तुझ्या?” डॉक्टर ओरडला, आणि मामीसकट सगळे असे हसले, असे हसले की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. मेटल वाजत होतं तेव्हा मारली नव्हती बरं का.

फक्त मामा हसला नाही. “माझं वेगळं आहे,” तो म्हणाला. “माझ्या डोक्यात ती रेकॉर्ड कोरलेली आहे. सवयीनं बोट गेलं वर. हा निकाल धरायचा नाही. जुनी लाव. मग बघू.”

“लावते,” मनी म्हणाली. “पण यावेळी सगळ्यांनी डोळे मिटायचे. कुणी कुणाकडे बघून बोट वर करायचं नाही. आवाज आला की करायचं.”

“तू पण,” मामा मामीला म्हणाला.

“मी कशाला? मला काय करायचंय त्या खुर्चीशी!” असं म्हणत तिनंही मिटले.

मनीनं जुनी लावली, शेवटून थोडं आधी. खरखराट आला, तो ओळखीचा, आणि सगळ्यांचे खांदे जरा सैल झाले. गिटार गेल्या. बास गेला. मनीनं डोळे मिटले होते, पण तिला राहवलं नाही. निकाल तिला द्यायचा होता ना? कोण बोट कधी वर करतं ते बघायला हवं. तिनं हळूच डोळे उघडले.

समोर मामा. डोळे सताड उघडे. सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

स्पीकरकडे नाही गं. तिच्याकडे. जसं काही ती वाचायची गोष्ट आहे. आणि तिला एका झटक्यात सगळं कळलं. लहानपणी तो तिच्या शेजारी जमिनीवर आडवा व्हायचा. मग कधीतरी, ती कॉलेजात होती तेव्हा बहुतेक, तो समोर बसायला लागला. म्हणाला, कंबर दुखते. इतकी वर्षं समोर. तिच्या कानांनी ऐकत होता तो! तिच्या भुवया वर गेल्या की त्याचं बोट वर. मघाशी ती दचकली, आवाज आला नाही म्हणून, आणि त्याला वाटलं आला. आणि त्याच्या बोटावर बाकीचे तिघे ‘वा वा’ करून मोकळे!

दोघांची नजर भिडली. मामानं वळवली नाही. पकडला गेलाय हे त्याला कळलं आणि तरी वळवली नाही. लहान मुलं दुकानात आईकडे बघतात ना, हट्ट न करता, नुसतं, तसं बघत राहिला.

झांज विरत होती.

मनीच्या कामात पहिला धडा कुठला असतो माहितीये? काचेपलीकडच्या माणसाला तुझ्या चेहऱ्यावरून काही कळता कामा नये. बटण दाबताना खांदा हलवायचा नाही, पापणी उचलायची नाही. नाहीतर तो कानानं नाही, डोळ्यांनी ऐकतो. हे ती रोज करते, अनोळखी माणसांपुढे, काही वाटत नाही. पण हा मामा होता गं! आणि तिला नुसती एक भुवई उचलायची होती. एवढीशी. मामाचं बोट गेलं असतं वर, पैज जिंकला असता, बोगद्यातलं काम राहिलं असतं, खुर्ची राहिली असती. आणि कुणाला कधी कळलं नसतं.

कुंईऽ.

मनीनं चेहरा दगडासारखा ठेवला.

लायब्ररीमावशीचं बोट वर गेलं, नव्या स्पीकरवर तिला ती परत सापडली होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं, डोळे मिटलेलेच. डॉक्टरचं गेलं, जरा उशिरा. पावकाकानं डोळे उघडले आणि तोंड वासून म्हणाला, “ही? एवढीशी? अरे देवा, मी आजवर जिन्यावरच्या पावलांना खुर्ची समजायचो!”

मामाचा हात गुडघ्यावरच होता. तो अजून मनीकडे बघत होता. वाट बघत होता.

“गेली का?” त्यानं विचारलं.

मनीनं मान हलवली. हो.

“कधी?”

“आत्ता, मामा. तू माझ्याकडे बघत होतास तेव्हा.”

मामानं केसांचा तो एवढासा बुचडा सोडला, पुन्हा बांधला. मग मामीकडे बघून म्हणाला, “उद्या मला डबा लवकर दे. क्लिनिकवरून परस्पर कामावर जाईन.” आणि मनीला म्हणाला, “पक्की आहेस हं तू. मला वाटलं होतं, विरघळशील.” हसून म्हणाला, पण उठून सरळ आत गेला आणि नळ सोडून भांडी घासत बसला, पावच्या वाटचीसुद्धा. मामी बराच वेळ दारात उभी राहिली. मग आत गेली आणि फडकं घेऊन त्यानं धुतलेलं एकेक भांडं पुसायला लागली. बोलली एका शब्दानं नाही. मामीसाठी हा विक्रमच.

तपासणी झाली म्हणा. कान बरेच गेलेत, वरचे सूर जवळजवळ नाहीतच. मशीन घेतलंय, शेंगदाणा न म्हणता. बोगद्यातलं काम सुटलं, आता नव्या पोरांना शिकवायला बसवलंय, आणि तो रोज कुरकुरतो. खुर्ची त्या मशीनमधून ऐकू येईल की नाही हे मनीलाही सांगता येत नाही.

पण मनी अजून झोपत नाही नीट. म्हणते, सगळ्यांपुढे नको होतं. भुवई उचलली असती, आणि मग एकटा गाठून समजावलं असतं तर? मी म्हटलं, तो ऐकला असता का? ती म्हणते, तेच तर माहीत नाही. आणि मी तरी काय सांगणार, माझा काही असा मामा नाही. तू सांग ना. समोर मामा असा बघतोय, मामी डोळे मिटून उभी आहे, झांज संपत आलीये. तू काय केलं असतंस?